हंगाम कोणाचा? भारतीय फुटबॉल साखळीची १३८ वर्षे

१/
१४ फेब्रुवारी २०२६ रोजी इंडियन सुपर लीगचा बारावा हंगाम सुरू होण्याचे ठरले. एरवी सप्टेंबरमध्येच सुरू होणारा हा हंगाम पाच महिने रखडला. १४ क्लब, ९१ सामने आणि प्रत्येक क्लबच्या वाट्याला अवघे १३ सामने. गेल्या हंगामात साखळीतच प्रत्येकाला २४ सामने मिळाले होते. देशातील सर्वोच्च व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेवर ही वेळ का आली, याचे उत्तर केवळ गेल्या वर्षाच्या बातम्यांत सापडत नाही. त्यासाठी १८८८ सालापर्यंत मागे जावे लागते. दीर्घ थ्रेड.

२/
१८८८ मध्ये इंग्लंडमधील एका दुकानदाराने काही क्लबांना पत्र लिहिले. विल्यम मॅकग्रेगर हे त्याचे नाव. बर्मिंगहॅममध्ये त्याचे कापडाचे दुकान होते आणि ॲस्टन व्हिला क्लबच्या कारभारात तो होता. त्याची अडचण व्यवहारी होती. १८८५ पासून खेळाडूंना उघडपणे वेतन देण्यास मान्यता मिळाली होती. वेतन दर आठवड्याला द्यावे लागे. सामने मात्र ठरलेले नसत. ठरलेले सामनेही ऐनवेळी रद्द होत. सामना नाही तर तिकीटविक्री नाही, आणि तिकीटविक्री नाही तर पगार कोठून द्यायचा?

३/
मॅकग्रेगरचा उपाय साधा होता. क्लबांनी एकत्र यावे, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरच्या आणि एकदा बाहेरच्या मैदानावर खेळावे आणि तारखा आधीच ठरवून पाळाव्यात. ८ सप्टेंबर १८८८ रोजी १२ क्लबांची ‘फुटबॉल लीग’ सुरू झाली. प्रत्येकाला २२ सामन्यांची खात्री मिळाली. साखळी स्पर्धेचा उगम असा आहे. विजेता ठरवणे हे तिचे दृश्य काम. खेळाडूच्या पगारामागे तारखांची हमी उभी करणे हे तिचे मूळ काम. पुढील सारा इतिहास वाचताना हे सूत्र ध्यानात ठेवावे.

४/
त्याच १८८८ साली सिमल्यात भारतातील पहिली मोठी फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. तिचा जनक सर हेन्री मॉर्टिमर ड्युरँड, ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव. अफगाणिस्तानच्या सीमेवरील ‘ड्युरँड रेषा’ याच्याच नावाची. ड्युरँड चषक लष्करी पलटणींसाठी होता आणि बाद पद्धतीचा होता. हरलेला संघ घरी जाई. सैनिकाचा पगार सरकारी तिजोरीतून येत असल्याने सामन्यांच्या संख्येवर कोणाचे पोट अवलंबून नव्हते.

५/
म्हणजे एकाच वर्षी दोन देशांत दोन वेगळी बीजे पडली. इंग्लंडमध्ये क्लबांनी स्वतःसाठी साखळी उभारली. हिंदुस्थानात सत्तेने आपल्या पलटणींसाठी चषक ठेवला. १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला आणि पहिल्या वर्षी तो वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकला. १८९३ मध्ये कोलकात्यात आयएफए शील्ड आली. भारतीय फुटबॉलची घडी अशी चषकांभोवती बसत गेली.

६/
अपवाद कोलकात्याचा. तेथे १८९८ मध्येच साखळी सुरू झाली, पण ती एका शहराची होती आणि बराच काळ युरोपीय संघांचीच राहिली. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. तरीही साखळीचे दार या क्लबसाठी १९१४ मध्ये उघडले आणि तेही खालच्या श्रेणीतून. साखळीचे विजेतेपद पटकावणारा पहिला भारतीय क्लब मोहम्मेडन स्पोर्टिंग. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे त्याने ही साखळी जिंकली.

७/
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ १९३७ मध्ये स्थापन झाला. त्याची उभारणी प्रांतिक संघटनांच्या पायावर झाली. म्हणून १९४१ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय स्पर्धा, संतोष ट्रॉफी, ही क्लबांची नसून प्रांतांची होती. स्थानिक स्पर्धा प्रांतिक संघटनांच्या हाती आणि मोठे चषक आपापल्या आयोजकांच्या हाती. क्लब हा खेळाचा खरा घटक, पण राष्ट्रीय पातळीवरील कारभारात त्याला स्वतःचे असे स्थान नव्हते.

८/
तरीही तो भारतीय फुटबॉलचा सुवर्णकाळ होता. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव झाला, तेव्हा तीन गोल नेव्हिल डिसोझाचे होते: मूळचा गोव्यातील आसगावचा, मुंबईच्या मैदानांवर खेळणारा. या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा रोव्हर्स चषक नेला होता.

९/
राष्ट्रीय साखळी नसताना या पिढीचे घर कसे चालले? संघांच्या नावांतच उत्तर आहे: हैदराबाद सिटी पोलीस, टाटा स्पोर्ट्स क्लब, वेस्टर्न रेल्वे, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया. खेळाडू कागदोपत्री पोलीस, कारकून किंवा गिरणी कामगार असे. दुपारनंतर सरावाला सुटी, पाय थकले तरी नोकरी कायम आणि निवृत्तीनंतर निर्वाहवेतन. मुंबईच्या कूपरेज मैदानावर खेळणारे कितीतरी फुटबॉलपटू या व्यवस्थेने जगवले.

१०/
या व्यवस्थेने सुरक्षा दिली. व्यवसाय मात्र घडू दिला नाही. याच काळात आशियातील इतर देश पुढे सरकत होते. जपानने १९६५ मध्ये कंपन्यांच्या संघांचीच राष्ट्रीय साखळी उभारली. दक्षिण कोरियाने १९८३ मध्ये व्यावसायिक साखळी सुरू केली. १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर भारताचा पुरुष संघ पुन्हा ऑलिंपिकला पात्र ठरला नाही. १९७७ मध्ये देशभरच्या क्लबांसाठी फेडरेशन चषक आला, पण तोही पुन्हा चषकच.

११/
अखेर १७ डिसेंबर १९९६ रोजी राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. इंग्लंडच्या साखळीनंतर तब्बल १०८ वर्षांनी. १२ संघ होते आणि प्रायोजक होती फिलिप्स कंपनी. पहिले विजेतेपद कोलकात्याला गेले नाही. ते पंजाबमधील फगवाड्याच्या जेसीटी मिल्स या कापड गिरणीच्या संघाने जिंकले. जेसीटीच्या बायचुंग भुतियाने सर्वाधिक गोल केले. उपविजेता होता गोव्याचा चर्चिल ब्रदर्स.

१२/
राष्ट्रीय साखळीने फुटबॉलचा नकाशा बदलला. १९९८-९९ मध्ये गोव्याच्या साळगावकर क्लबने ती जिंकली. २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये धेंपो विजेता ठरला. मधल्या वर्षी, २००५-०६ मध्ये, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने विजेतेपद पटकावले. १९६२ मध्ये स्थापन झालेला हा कंपनीचा संघ डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय विजेता झाला. खालची श्रेणी होती, बढती होती, घसरण होती. घडी बसत असल्याचे वाटू लागले होते.

१३/
परंतु पाया कच्चा होता. साखळी महासंघाची, क्लब तिचे भागीदार नव्हते, केवळ सहभागी होते. २००५ मध्ये महासंघाने झी स्पोर्ट्सशी दहा वर्षांचा करार केला. २००७ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग गुंडाळून तिच्या जागी ‘आय-लीग’ आणली गेली. अकरा हंगामांची गणती थांबून पुन्हा एकपासून सुरू झाली. झीबरोबरचा करार २०१० मध्ये मुदतीआधीच संपुष्टात आला. नवे नाव, नवा भागीदार, नवी सुरुवात: ही भारतीय साखळीची सवय येथे प्रथम दिसते.

१४/
आय-लीगच्या पहिल्या सहा हंगामांचे विजेते पाहावेत. २००७-०८ धेंपो, २००८-०९ चर्चिल ब्रदर्स, २००९-१० धेंपो, २०१०-११ साळगावकर, २०११-१२ धेंपो, २०१२-१३ चर्चिल ब्रदर्स. सलग सहा वर्षे देशाचे विजेतेपद गोव्यातच राहिले. धेंपोने तर २००८ मध्ये एएफसी चषकाची उपांत्य फेरी गाठली. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली या क्लबने एकूण पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. एवढ्या लहान राज्याने देशाच्या फुटबॉलवर असे राज्य करावे, याला तोड नाही.

१५/
हे सारे घडत असताना ९ डिसेंबर २०१० रोजी एका करारावर सह्या झाल्या. महासंघाने आयएमजी-रिलायन्सला १५ वर्षांसाठी आपले व्यापारी हक्क दिले: प्रायोजकत्व, जाहिरात, प्रक्षेपण आणि त्याचबरोबर नवी साखळी उभारण्याचा अधिकार. मोबदला ७०० कोटी रुपये, म्हणजे सरासरीने वर्षाला सुमारे ४७ कोटी. पैशाची चणचण असलेल्या महासंघासाठी ही रक्कम अभूतपूर्व होती. पण हंगाम भरवण्याची खरी सत्ता आता महासंघाकडेही पूर्णतः उरली नाही. आणि सही करणाऱ्या दोन पक्षांत क्लब कोठेच नव्हते.

१६/
जुनी व्यवस्था तेव्हा विझतच होती. महिंद्राने २०१० मध्ये आपला विजेता संघ बंद केला. पहिल्या राष्ट्रीय विजेत्या जेसीटीने २०११ मध्ये तेच केले. मुंबईचा रोव्हर्स चषक तर शतकाच्या आरंभीच खंडित झाला होता. गिरणी आणि कार्यालयाच्या आधाराने चालणारे फुटबॉल मागे पडले होते. त्याची जागा घेणारी व्यावसायिक व्यवस्था मात्र अजून पायावर उभी राहिली नव्हती.

१७/
१२ ऑक्टोबर २०१४. कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर अ‍ॅटलेटिको दी कोलकाताने मुंबई सिटीला ३-० असे हरवले आणि इंडियन सुपर लीग सुरू झाली. आठ नवे संघ, चित्रपट आणि क्रिकेटमधील तारे मालकांत, परदेशातील नामांकित निवृत्तप्राय खेळाडू आणि भरलेली मैदाने. २० डिसेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर अंतिम सामना झाला. दहा आठवड्यांत हंगाम संपला. संघ फ्रँचाइजीचे असल्यामुळे बढती नव्हती आणि घसरणही नव्हती. भारतीय खेळाडू वर्षाच्या उरलेल्या काळात आय-लीगमध्ये खेळत.

१८/
गोव्याची गोष्ट येथे वळण घेते. नव्या स्पर्धेतील एफसी गोवाच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर ही जुनीच घराणी होती. त्यांचे जुने क्लब मात्र बाहेर राहिले. २०१६ मध्ये महासंघाने नवा आराखडा मांडला: सुपर लीग सर्वोच्च, आय-लीग दुसऱ्या श्रेणीत. मैदानावर न हरता एक श्रेणी खाली जायचे, हे गोव्याच्या क्लबांना मान्य नव्हते. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीगमधून माघार घेतली.

१९/
या माघारीतून एक विलक्षण प्रकरण घडले. मिझोरामचा आयझॉल एफसी २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांमुळे जागा रिकाम्या झाल्याने त्याला परत घेण्यात आले. पुढच्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, हा क्लब चक्क भारताचा विजेता झाला. ईशान्येकडील पहिला राष्ट्रीय विजेता! तरीही २०१७ मध्ये सुपर लीगने दोन नवे संघ घेतले, तेव्हा त्यांत आयझॉल नव्हता. देशाचे विजेतेपद जिंकूनही सर्वोच्च ठरू घातलेल्या स्पर्धेचे दार उघडत नव्हते.

२०/
आयझॉलचे प्रशिक्षक होते खालिद जमील. त्यांचा प्रवास म्हणजे या इतिहासाचाच सारांश. खेळाडू म्हणून महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी. पुढे २००९ ते २०१६ मुंबई एफसीचे प्रशिक्षक. महिंद्राचा संघ २०१० मध्ये बंद झाला. आयझॉलने विजेतेपद मिळवले त्याच हंगामात मुंबई एफसी आय-लीगमधून घसरला आणि नंतर बंद झाला. ज्या क्लबांनी हा प्रशिक्षक घडवला ते नाहीसे झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये तोच भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला.

२१/
२०१७ पासून देशात दोन साखळ्या एकाच वेळी चालू लागल्या. आशियाई महासंघाने तात्पुरती वाटणी केली: आय-लीगच्या विजेत्याला चॅम्पियन्स लीगची संधी, सुपर लीगच्या विजेत्याला एएफसी चषकाची. ऑक्टोबर २०१९ मध्ये सुपर लीगच्या सर्वोच्च दर्जावर शिक्कामोर्तब झाले. २०२० मध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल तिच्यात आले. आय-लीगच्या विजेत्याला बढती मिळण्यास मात्र २०२३ उजाडावे लागले. त्या वर्षी पंजाब एफसी वर आला. पुढच्या वर्षी मोहम्मेडन स्पोर्टिंगही आला.

२२/
इतिहासाने जमेची बाजूही नोंदवली पाहिजे. सुपर लीगमुळे मैदाने सुधारली, प्रशिक्षणाचा दर्जा वाढला, खेळाडूंचे वेतन पूर्वीच्या पिढ्यांना कल्पनाही करता आली नसती इतके झाले. महामारीच्या काळात २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम गोव्यात बंदिस्त वातावरणात खेळवला गेला. तो थांबला नाही. त्या हंगामात मुंबई सिटीने साखळीतील अव्वल स्थान आणि अंतिम विजेतेपद दोन्ही मिळवले. २०२१ मध्ये एफसी गोवा चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. उणीव वेगळीच होती. हे सारे एका कराराच्या मुदतीवर उभे होते.

२३/
ती मुदत होती ८ डिसेंबर २०२५. नूतनीकरणाची बोलणी चालू असतानाच, महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असल्याने, अंतिम निकालापर्यंत नवा करार करू नये असे न्यायालयाने एप्रिलमध्ये सांगितले. करार हंगामाच्या मध्यावर संपणार आणि पुढचे काही ठरलेले नाही, म्हणून ११ जुलैला आयोजक कंपनीने २०२५-२६ चा हंगाम स्थगित ठेवला. काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबवले. १८८८ च्या बर्मिंगहॅममधील प्रश्न जसाच्या तसा पुन्हा उभा राहिला: सामन्याची तारीख नाही, तर पगार कोठून?

२४/
१९ सप्टेंबरला न्यायालयाने महासंघाच्या घटनेला मान्यता दिली. ऑक्टोबरमध्ये नव्या व्यापारी भागीदारासाठी निविदा निघाली. मुदत पुन्हा १५ वर्षांचीच, आणि महासंघाला दरवर्षी किमान ३७.५ कोटी रुपयांची हमी देण्याची अट. ७ नोव्हेंबरला मुदत संपली, तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. डिसेंबरमध्ये मुंबई सिटीचा बहुसंख्य भागधारक असलेला सिटी फुटबॉल ग्रुपही क्लबमधून बाहेर पडला.

२५/
७ डिसेंबर २०२५ ची संध्याकाळ या कथेत लक्षात राहावी अशी आहे. फातोर्ड्याच्या मैदानावर सुपर चषकाचा अंतिम सामना झाला. एफसी गोवाने ईस्ट बंगालला टायब्रेकरमध्ये हरवले आणि चषक राखला. दुसऱ्याच दिवशी पंधरा वर्षांचा करार संपला. देशात चषकविजेता होता, साखळी मात्र नव्हती. क्षणभर भारतीय फुटबॉल पुन्हा ड्युरँड आणि रोव्हर्सच्या काळात जाऊन उभे राहिले होते.

२६/
जानेवारीच्या आरंभी राष्ट्रीय संघातील खेळाडूंनी फिफाने हस्तक्षेप करावा, असे जाहीर आवाहन केले. ६ जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारी ही तारीख जाहीर केली. चौदाही क्लब खेळणार, असे ठरले. घरी आणि बाहेर अशा दुहेरी लढतींना वेळ उरला नाही, म्हणून प्रत्येक जोडीचा एकच सामना ठरला. त्यावरून १३ सामने, एकूण ९१. एखाद्या बदली खेळाडूसाठी याचा अर्थ असा की स्वतःला सिद्ध करण्याच्या संधी जवळपास निम्म्या झाल्या. ज्याचा करार मे महिन्यात संपतो, त्याला तेवढ्यातच पुढच्या वर्षाची भाकरी मिळवायची आहे.

२७/
हा इतिहास पैशाच्या टंचाईचा आहे, असे म्हटले जाते. ते अर्धे खरे आहे. फिलिप्स आली, झी आली, रिलायन्स आली. प्रत्येक टप्प्यावर पैसा कोणी ना कोणी दिला. पण दर वेळी हंगाम हा विकत घेता येणारा माल राहिला आणि त्याची मुदत संपली की साखळीच पुसली गेली. १८८८ च्या बारा क्लबांनी तारखा स्वतःच्या हाती ठेवल्या. भारतात त्या पलटणीच्या, प्रांतिक संघटनेच्या, महासंघाच्या आणि शेवटी कंपनीच्या हाती राहिल्या. मैदानावर उतरणाऱ्यांच्या हाती त्या कधी आल्याच नाहीत.

२८/
म्हणून या हंगामात गुणतक्त्याइतकेच लक्ष आणखी एका गोष्टीकडे द्यावे. करार संपल्यावर आता क्लब आणि महासंघ यांना एकत्र बसून साखळी चालवणे भाग पडले आहे. कोणत्याही दूरदृष्टीमुळे हे घडलेले नाही. एकही बोली न आल्यामुळे घडले आहे. पण मॅकग्रेगरलाही पत्र लिहायला अडचणीनेच लावले होते. ९१ सामन्यांनंतर चषक कोणी उचलला हे कळेलच. त्याच दिवशी पुढच्या हंगामाचे वेळापत्रक जाहीर झालेले असेल, आणि त्यावर क्लबांची सही असेल, तर १८८८ मध्ये अर्धवट राहिलेले काम भारतात सुरू झाले असे म्हणता येईल. (समाप्त)